एलेव्हेशन

ओशन गॅलेक्सी प्लाझाचं एलेव्हेशन मी काढलं.
कुडाळच्या पुढे, हायवेच्या उगवतीला, तोंड मावळतीकडे.
समुद्र तिथून अठरा-वीस किलोमीटर,
गॅलेक्सीचं अंतर कोणी विचारलं नाही.

बावकर शेठ म्हणाले, कोल्हापुरात बघलंस मां,
तसा कायतरी कर. काच होयी. निळी.
मी म्हटलं, दुपारी दोननंतर
दुकानात भाकरी भाजेल.
म्हणाले, एसी लावतले.

चिरे येत होते ट्रकनं, ओले, तांबडे,
त्यांच्यावर मी ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला, चंदेरी.
बाबांनी सारा जन्म चिऱ्याला चिरा लावण्यात घालवलेला.
एकदा येऊन बघून गेले.
एवढो बरो चिरो,
तेका टोपडा कित्याक घालतंस?

दर्शनी दोन खांब. रोमन. आतून पोकळ.
भार घेणारे खांब मागे होते, गपचूप,
लग्नात मांडवामागे राबणाऱ्या भावासारखे.

हायवेवर लावायच्या चित्रात
झाडं संगणकातली, सुळकेदार,
कुठल्या मुलखातली देव जाणे.
माणसंही तिथलीच:
ओव्हरकोटातला एक बाप्या,
कुत्र्याला फिरवणारी सोनेरी केसांची बाई,
फुगा धरलेलं पोर.
अठ्ठावीस माणसं चिकटवली मी, मोजून.
एकाच्याही हातात छत्री नव्हती.

छज्जा दाखवला होता. साडेचार फुटांचा.
शेठनी त्यावर बोट ठेवलं:
ह्येच्यान गाळ्याचे बोर्ड झाकतले.
छज्जा गेला, रेष सरळ झाली, देखणी.
खोटं कशाला बोलू,
मलाही आवडली.

आता चौथं वर्ष.
पत्र्याच्या सांध्यांतून शेवाळाचे ओघळ.
वरती सोळा शटरं, उघडी तीन:
टायपिंगचा क्लास, एक विमेवाला,
आणि बावकरांचं स्वतःचं ऑफिस.
वादळात ओशनचा ओ गेला,
उरलं शन गॅलेक्सी प्लाझा.
रिक्षावाल्याला शनीची बिल्डिंग सांगितलं की पोचता.

खाली मात्र ज्यानंत्यानं आपापलं बघितलं.
झेरॉक्सवाल्या इब्राहिम दळवीनं निळा पत्रा ठोकला,
तेंडोलकर शिंप्यानं त्याला लागून हिरवी ताडपत्री,
बेकरीच्या पास्कू लोबोनं पोफळीच्या वाशांवर फायबर.
प्रत्येकाची उंची वेगळी, उतार वेगळा,
एकाचं पाणी दुसऱ्याच्या गिऱ्हाइकावर,
त्यावरून एक अख्खा श्रावण अबोला.
मग अर्धा कापलेला पाइप, पन्हळ म्हणून,
खर्च तिघांत.
आणि त्या सगळ्याखाली, रोमन खांबाला पाठ टेकून
सुरंगा कोचरेकर, बांगड्यांची पाटी घेऊन.
खांबाला तळाशी चौकोन पाडलाय तिनं,
आत बर्फ ठेवते.

नगरपंचायतीची नोटीस आली. वाढीव बांधकाम.
मोजमापाला शेठनी मलाच पाठवलं.
टेपचं टोक सुरंगानं धरलं, ओल्या हातानं,
शून्यावर दोन खवले चिकटले.
भिंतीपासून पत्र्याच्या कडेपर्यंत
चार फूट सात.
ताडपत्री, चार चार.
पास्कूचं फायबर बरोबर साडेचार.
कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

कमी आसा की जास्त? तिनं विचारलं.
मी वहीत आकडा लिहीत राहिलो.
पलीकडे निळ्या काचेवर पाऊस तिरका आपटत होता,
कॉलेजची दोन पोरं धावत येऊन आमच्यात उभी राहिली,
एकानं दप्तर पोटाशी धरलेलं.

ह्या काढलेलो सायब खयचो रे? सुरंगा म्हणाली.
हयसर पाऊस पडता
ह्या तेका कोणी सांगूकच नाय?

मी म्हटलं, टेप जरा घट्ट धर.